४९० चा आकडा खरा, पण तुलना चुकीची

नागपुरातल्या गाडीशौकिनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या बुगाटी आणि कोनिगसेग या कंपन्यांच्या अतिवेगवान गाड्यांबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘बुगाटी शिरॉनने ४९० च्या वेगाने कोनिगसेगच्या अगेरा आरएसचा विक्रम मोडला, समृद्धीवर सोडली तर मुंबई दीड तासात.’

ताशी ४९०.४८ किमीचा वेग खरा आहे. २ ऑगस्ट २०१९ रोजी जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या चाचणी ट्रॅकवर बुगाटीचा चाचणीचालक अँडी वॉलेसने तो गाठला. पण एकाच दिशेने, आणि विक्रीपूर्व नमुना गाडीत. वारा आणि उताराचा फायदा वजा व्हावा म्हणून विक्रमासाठी दोन्ही दिशांची सरासरी धरतात. अगेरा आरएसने नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात बंद ठेवलेल्या रस्त्यावर एकीकडून सुमारे ४५७, उलटीकडून ४३६ गाठले; सरासरी ४४७. त्यामुळे हे दोन आकडे एका रांगेत बसतच नाहीत. शिवाय शिरॉनची जी सुपर स्पोर्ट ३००+ आवृत्ती ग्राहकांसाठी निघाली, फक्त ३० गाड्या, तिचा वेग कंपनीनेच ४४० वर रोखलाय. अगेरा आरएस तर २५ च ठरल्या होत्या. संग्राहकाला खरा रस या आकड्यांत असतो, आणि मेसेजमध्ये नेमके तेच नाहीत!

राहिलं नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचं. ७०१ किमी, कारला मर्यादा १२०. ती विसरली तरी शिरॉनची १०० लिटरची टाकी पूर्ण वेगात नऊ-एक मिनिटांत संपते. म्हणजे मुंबई राहू द्या, वर्ध्याच्या आसपासच पेट्रोल शोधावं लागेल.