सांधा एकाचा, मोटर दुसऱ्याची

काल रात्री पुन्हा तेच. गाडी स्टेशनाच्या तोंडाशी येऊन उभी, फलाटावरचे दिवे दिसतायत आणि आपण डब्यात कोंडलेले. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा, मोटरीने हलणारा सांधा अडकला होता. दोन माणसं आली. मी दारातच उभी होते, सगळं दिसत होतं. एकाने बॅटरी धरली, दुसऱ्याने मोबाइल काढून फोटो घेतले. समोरून, बाजूने, अगदी जवळून. पाना कुणाच्याच हातात नाही! कुणीतरी ओरडून विचारलं तर म्हणे, "आमच्याकडे फक्त रूळ. मोटर दुसऱ्या कंपनीची, त्यांना कळवलंय." फोटो झाले, दोघं निघून गेले. ते फोटो बिलाला जोडायचे असणार, दुसरं काय! आणि तो मोटरवाला यायची वाट बघत आपण घामाघूम उभे.

राग त्या पोरांवर नाहीच. ती कुठल्यातरी पोटठेकेदाराची, हातात हत्यार नाही की नीट शिकवलेलं नाही. राग आहे तो "ठेका दिला, खर्च वाचला" म्हणून छाती फुगवणाऱ्यांवर. कुठे वाचला? गँगमन रोज तोच पट्टा पायी तुडवायचा. खडी कुठे खचते, कुठला बोल्ट सारखा ढिला होतो, त्याला तोंडपाठ. तो निवृत्त झाला, जागा भरली नाही, तेवढा पगार वाचला. मग निविदा काढणारे आले, मोजमाप घेणारे आले, त्यांच्यावर देखरेख ठेवणारे आले, दंडाच्या भांडणाला वकील आले. वर ठेकेदाराचा नफा. सगळ्यात कमी बोली लावून काम घेणारा तो नफा कशातून काढणार? माणसं कमी करून आणि तपासणीच्या फेऱ्या गाळून! त्याचा करार चार-पाच वर्षांचा, रूळ टिकायचा कित्येक वर्षं. करार संपल्यावर तडा गेला तर त्याचं काय जातंय?

लिफ्टचंही तेच. बंद पडली की पाटी लागते आणि म्हातारी माणसं जिने चढत राहतात. इंडिकेटर तसाच, नळ तसाच. तक्रार करा, "संबंधित ठेकेदाराला कळवले आहे."

ब्रिटनने हे सगळं करून भोगलंय हो! रूळ रेलट्रॅक या खाजगी कंपनीकडे, देखभाल ठेकेदारांकडे. 17 ऑक्टोबर 2000 ला हॅटफील्डजवळ तडे गेलेला रूळ गाडीखाली फुटला, 4 माणसं गेली. तडे आधीच माहीत होते. बदलायचा रूळ आणून शेजारी टाकलेला होता, फक्त बसवला नव्हता! मग देशभर हजाराहून जास्त ठिकाणी गाड्यांचा वेग उतरवावा लागला, कारण आपला कुठला रूळ किती खराब आहे हे मालकालाच धड माहीत नव्हतं. माहिती सगळी ठेकेदारांकडे. 2002 मध्ये पॉटर्स बार स्टेशनाजवळ सांधाच निकामी होता, 7 मृत्यू. शेवटी रेलट्रॅकच्या जागी आलेल्या नेटवर्क रेलने 2003 मध्ये रुळांची रोजची देखभाल ठेकेदारांकडून काढून स्वतःकडे घ्यायचं ठरवलं. एवढी माणसं गेल्यावर!

आणि तरी नवी निविदा निघाली की पुन्हा तोच बचतीचा आकडा आपल्या तोंडावर फेकतात. फेका. पण त्याच कागदावर वकिलांची फी लिहा, देखरेखीचा खर्च लिहा, आम्हा सगळ्यांचे बुडालेले तास लिहा. आणि मागचा करार संपला तेव्हा रूळ कुठल्या अवस्थेत परत मिळाले, तेही लिहा.