एका अमिनो आम्लाचा एवढा बाऊ कशाला? प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एपीओई जनुकाच्या ई४ प्रकारामुळे अल्झायमरचा धोका वाढतो, या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २९९ अमिनो आम्लांच्या एपीओई प्रथिनात एक बदललं म्हणून कुणाला अल्झायमर होईल हे पटत नाही. तुमच्या ८६ वर्षांच्या मावशींच्या जनुक-चाचणीच्या अहवालात ई४-ई४ (आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती ई४) आहे, तरी त्यांचा हिशेब चोख आहे. शिवाय हे सगळं गोऱ्यांवरचं संशोधन, मग आपल्याकडे घबराट कशाला?

पहिल्या आक्षेपाचं उत्तर प्रथिनाच्या घडीत आहे. मेंदूत हे प्रथिन मुख्यतः ॲस्ट्रोसाइट पेशी बनवतात आणि कोलेस्टेरॉलसारखे मेद इतर पेशींपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. त्याचे ई२, ई३ आणि ई४ असे तीन मुख्य प्रकार आहेत. ई३ मध्ये ११२व्या जागी सिस्टीन आणि १५८व्या जागी आर्जिनिन असतं. ई४ मध्ये दोन्हीकडे आर्जिनिन, ई२ मध्ये दोन्हीकडे सिस्टीन. ११२व्या जागी धनभारित आर्जिनिन आलं की ६१व्या जागच्या आर्जिनिनची दिशा बदलते आणि प्रथिनाचे दोन भाग एकमेकांकडे ओढले जातात. मेद धरण्याची रीत बदलते, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचा निचरा मंदावतो.

एका बदलाने उलटंही घडू शकतं. कोलंबियातल्या एका विस्तारित कुटुंबात प्रेसेनिलिन-१ जनुकातल्या दोषामुळे चाळिशीतच विस्मरण सुरू होतं. तो दोष असलेल्या एका स्त्रीला मात्र सत्तरीपर्यंत त्रास झाला नाही. तिच्याबद्दल २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं: मेंदूत अमायलॉइड भरपूर, टाऊ (या आजारात साचणारं दुसरं प्रथिन) कमी, आणि एपीओईच्या दोन्ही प्रतींत १३६व्या जागी आर्जिनिनऐवजी सेरीन. एका व्यक्तीवरून सिद्धता होत नाही, पण नंतर उंदरांवरच्या प्रयोगांतही टाऊचं साचणं कमी दिसलं.

मावशींच्या बाबतीत 'धोका किती पट' आणि 'आजार किती टक्क्यांना' हे वेगळे ठेवा. २०११ च्या एका मोठ्या विश्लेषणात ई४-ई४ असलेल्यांत ८५ वर्षांपर्यंत हा आजार होण्याचा अंदाज पुरुषांत ५१ आणि स्त्रियांत ६० टक्के होता. ई३-ई४ मध्ये २३ आणि ३०. म्हणजे मावशी उरलेल्या चाळीस टक्क्यांत आहेत, आणि त्याचा आनंदच आहे. त्याने उरलेले साठ खोटे ठरत नाहीत. ई४ नसलेल्यांनाही अल्झायमर होतो, ते तर मूळ लेखातच होतं.

गोऱ्यांवरच्या संशोधनाचा मुद्दा रास्त आहे, धोक्याचं प्रमाण वंशानुसार बदलतं. नायजेरियातल्या योरुबा लोकांत ई४ चा संबंध खूपच क्षीण दिसला. पण हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात ई४ चं प्रमाण अमेरिकेतल्या गटापेक्षा कमी असूनही आजाराशी संबंध जवळपास तितकाच आढळला. तेव्हा 'आपल्याला लागू नाही' असं म्हणता येत नाही.

आता तुम्ही तुमच्या डीएनए-चाचणीची कच्ची फाइल उघडून 'एक सी दिसला म्हणजे ई४' असा निष्कर्ष काढलात त्याबद्दल. एपीओई जनुकातल्या दोन खुणा (आरएस४२९३५८ आणि आरएस७४१२) एकत्र वाचायच्या असतात. प्रत्येकीपुढे दोन प्रतींची दोन डीएनए-अक्षरं असतात. आरएस४२९३५८ ला टीटी आणि आरएस७४१२ ला सीसी असेल तर ई३-ई३. पहिल्याला सीटी आणि दुसऱ्याला सीसी असेल तर ई३-ई४. दोन्हीकडे सीसी असेल तर ई४-ई४. पहिल्याला टीटी, दुसऱ्याला सीटी म्हणजे ई२-ई३, आणि दोन्हीकडे सीटी म्हणजे बहुधा ई२-ई४. म्हणजे तुम्ही पाहिलेला सी आरएस७४१२ चा असेल तर त्याने ई४ ठरत नाही. काही फायलींत डीएनएची दुसरी बाजू छापलेली असते. तिथे सी-टीऐवजी जी-ए दिसतात आणि गोंधळ तिथेच होतो. अशा फाइलवर थांबू नका, वैद्यकीय प्रयोगशाळेत चाचणी पुन्हा करून घ्या.

त्याआधी घरात बोला. तुमचा निकाल ई४-ई४ आला तर आई-वडील दोघांकडेही किमान एक ई४ आहे हे त्यांना न विचारता उघड होतं, आणि तुमच्या प्रत्येक मुलाकडे एक जाणारच. मावशींच्या मुलांना तर चाचणीशिवायही एवढं कळलेलं आहे.

लेकानेमॅबसारखं अल्झायमरवरचं औषध विचारात असेल तर मात्र ही चाचणी टाळू नये. त्या औषधाच्या रुग्णांवरच्या मुख्य चाचणीत मेंदूला सूज येण्याचं प्रमाण ई४ नसलेल्यांत ५.४ टक्के होतं, एक प्रत असलेल्यांत १०.९ आणि दोन असलेल्यांत ३२.६.