गटनिदेशकाला कार्यशाळेत राहू द्या

गेल्या मंगळवारी आमच्या आयटीआयच्या कार्यशाळेत फिटरच्या पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये उभा होतो. एका मुलीने कानस मारून झाल्यावर जॉबला, म्हणजे हातातल्या लोखंडी तुकड्याला, गुण्या (काटकोन नि सपाटी तपासायचं साधन) लावला आणि उजेडाकडे धरला. दोन्ही टोकांना फट, मधे उंचवटा. कानस पुढे ढकलताना तिचे हात डोलत होते. पाय कुठे ठेवायचे, कोपर कसं धरायचं हे दाखवायला लागलो, तेवढ्यात शिपाई आला. "सर, माहिती चारच्या आत पाठवायचीय." गेलो. परत आलो तेव्हा शिफ्ट सुटली होती आणि तो जॉब तसाच वाइसमध्ये होता.

ज्यांना आयटीआय आतून माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर प्राचार्य, खाली वर्गावर शिकवणारे निदेशक आणि मधे आम्ही गटनिदेशक. शिकवणं नीट चाललंय का हे पाहणं, डेमो बघणं, जॉब तपासणं, नव्या निदेशकाला हाताशी धरणं, हे आमचं खरं काम. प्रत्यक्षात दिवस जातो पोर्टलवर नावं दुरुस्त करण्यात, 80 टक्के हजेरीच्या याद्यांत, यंत्रं-सामानाच्या नोंदीच्या डेड स्टॉक रजिस्टरात आणि प्रवेशफेऱ्यांत.

वरचे निर्णयही आमच्याच टेबलावर येऊन पडतात. 2013 मध्ये सेमिस्टर आलं, 2018 मध्ये पुन्हा वार्षिक पद्धत. 2022 पासून वर्षाचे तास 1600 वरून 1200 झाले. त्यात प्रात्यक्षिकाला 840. पण फिटिंगच्या जॉबला अचूकता 0.04 मिलिमीटरचीच लागते. हात बसायला तास लागतात, ते कुठून आणायचे?

मला सगळ्यात जास्त टोचतं ते तासिका तत्त्वावरच्या निदेशकांचं. पद रिक्त, म्हणून तासावर माणूस घ्यायचा. सुट्टी आली की त्याचं मानधन बुडालं. दिवाळीत घरी काय नेणार तो? एक चांगला मुलगा, टर्नरचा, लेथवर मुलांना जीव लावून शिकवायचा. नोव्हेंबरात कंपनीत लागला. मी त्याला थांब म्हणू शकलो नाही, कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याचं युनिट, म्हणजे त्याची बॅच, शेजारच्या निदेशकाच्या गळ्यात घातलं. तो माझ्या डब्यातला जुना सोबती. "दोन बॅचेस एका वेळी कशा बघू, तूच सांग," म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणूस नेमायचा अधिकार मला नाही, मानधन वाढवायचा नाही, निकाल घसरला की खुलासा मात्र माझा.

प्राचार्यांना दोष देत नाही, त्यांच्या मागेही तोच ससेमिरा आहे.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक गटामागे माहिती भरायला एक लिपिक द्या. सकाळचे तीन तास गटनिदेशकाला कार्यालयातून बोलावणं येणार नाही, असं लेखी ठरवा. आणि तासावरच्या निदेशकाला निदान सत्र संपेपर्यंत महिन्याचा ठरलेला पगार द्या, म्हणजे बॅच अर्ध्यावर सोडून जायची पाळी त्याच्यावर येणार नाही.