पॅच आला, साम्राज्य बुडाले

इतिहासातली साम्राज्ये चालवण्याच्या आमच्या संगणकीय खेळाच्या नव्या पॅचची (म्हणजे सुधारित आवृत्तीची) चाहूल लागली की संगणकाच्या सैन्याला आता तरी समुद्र ओलांडण्याची अक्कल येणार, अशी चर्चा आम्हा खेळाडूंमध्ये रंगते आणि दर वेळी त्या आशेवर पाणी पडते. १४४४ साली सुरू केलेल्या माझ्या डावात १५०० साल उजाडले, तरी इतिहासात १४५३ मध्येच उस्मानी तुर्कांच्या हाती पडलेले कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) शाबूत आहे, कारण उस्मानी फौज समुद्रापलीकडे अनातोलियाच्या किनाऱ्यावर नुसती ताटकळत उभी आहे आणि तिचे आरमार बंदरात निवांत नांगर टाकून बसले आहे. मोठ्या आशेने सुधारणांची यादी उघडावी, तर सर्वांत वर काय, नद्यांचा नवा रंग! (रंग सुरेख आहे, हे मी नाकारत नाही.) त्यातच करआकारणीचे गणित बदलल्यामुळे कित्येक रात्री जागून उभे केलेले माझे राज्य पॅचनंतर वर्षभरात कर्जबाजारी होते. जुन्या आवृत्तीवर परतता येते, हे मान्य; पण तोवर सगळे मॉड (खेळाडूंनी बनवलेली खेळाची जोडकामे) नव्या आवृत्तीसाठी अद्ययावत झालेले असतात आणि जुना सेव्ह (साठवलेला डाव) उघडताच खेळ निमूटपणे बंद पडतो.