म्हणे, खिशातला रुपयाही न घालता गुंतवणुकीचा फ्लॅट!

‘स्वतःचा एक रुपयाही न घालता पुण्यात पहिला इन्व्हेस्टमेंट फ्लॅट’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्याची रीलही आहे म्हणे. इतके दिवस मी तो बघून सोडून देत होतो. पण परवा ताईने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “पोराला सत्तर हजार पगार आहे, जमेल ना रे त्याला हे?” पोरगं तर एजंटाला टोकन द्यायला निघालेलंच. तेव्हा आता लिहिणं भाग आहे.

मेसेजचं म्हणणं असं. कोथरूड-कर्वेनगर भागात तीस-पस्तीस वर्षं जुना वन बीएचके ६० लाखांना घ्या. ८० टक्के बँक देते, उरलेल्यासाठी पर्सनल लोन काढा. दोन लाखांत रेनोव्हेशन करा, मधली भिंत पाडून वनचा टू करा. हप्ता भाड्यातून सुटतो, टॅक्स वाचतो, आणि पुढे रीडेव्हलपमेंट आली (म्हणजे जुनी इमारत पाडून बिल्डरने नवी बांधली) की नवा फ्लॅट फुकट.

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. इमारत १९८८ची. शिवाय माझा स्वतःचा एक जुना वन बीएचके भाड्याने दिलेला आहे, तोही कर्ज काढून आणि दुरुस्ती करून घेतलेला. त्यामुळे या मेसेजमधली बहुतेक वाक्यं मी व्यवहारात पाहिलेली आहेत आणि ती तिथे कुठे फाटतात तेही पाहिलंय.

पैशांपासून सुरू करू, कारण सगळ्यात मोठी थाप तिथेच आहे.

बँक ८० टक्के देते, हे खरं. पण कशाच्या ८० टक्के? रिझर्व्ह बँकेचं गृहकर्जावरचं परिपत्रक मराठी माणसाने एकदा तरी वाचावं, कंटाळवाणं असलं तरी. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के, ही कमाल मर्यादा. आणि पुढची ओळ जास्त महत्त्वाची आहे: किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि कागदपत्रांचा खर्च धरायचा नाही. सवलत आहे ती फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना. दहा लाखांत कोथरूडमध्ये काय मिळतं ते ताईने मला सांगावं.

म्हणजे ६० लाखांच्या फ्लॅटला कर्ज जास्तीत जास्त ४८ लाख. १२ लाख आपले. पुण्यात पुरुषाच्या नावावर मुद्रांक शुल्क सेस-बिस धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. (बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का वाचतो. मेसेजमध्ये ही एकच कामाची गोष्ट असायला हवी होती, तीच नाही.) झाले साडेसोळा लाख. मेसेजवाल्याचे रेनोव्हेशनचे दोन लाख घातले की साडेअठरा. एजंटाची दलाली, वकिलाची फी, बँकेची प्रोसेसिंग फी आणि सोसायटीची ट्रान्सफर फी मी अजून धरलेलीच नाही.

आता हे साडेअठरा लाख पर्सनल लोनने उभे करायचे म्हणे. करून बघू. ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता ४० हजारांच्या वर. गृहकर्ज ४८ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता साधारण ४१,६५० रुपये. दोन्ही मिळून ८२ हजारांच्या आसपास. पोराचा पगार सत्तर. भाडं महिन्याला अठरा हजार धरू, आणि ते पहिल्या दिवसापासून, एकही महिना घर रिकामं न राहता आलं असं समजू. तरी हातात सहा हजार उरतात. त्यात पुण्यात राहायचं, जेवायचं आणि पेट्रोल टाकायचं.

मुळात इथपर्यंत गाडी जातच नाही. बँक माणसाचे सगळे हप्ते मिळून पगाराच्या किती टक्के होतात ते बघते, आणि साधारण निम्म्याच्या पुढे गेलं की हात आखडते. पर्सनल लोनचा हप्ताच निम्म्याहून जास्त. म्हणजे आधी पर्सनल लोन काढलं तर गृहकर्जाला दार बंद. आणि आधी गृहकर्ज मंजूर करून घ्यावं, तर बँक म्हणते, तुमचा हिस्सा विक्रेत्याला दिल्याची पावती आणा, मग आम्ही चेक देतो. तो हिस्सा नव्या कर्जातून आलाय हे क्रेडिट रिपोर्टमध्ये स्वच्छ दिसतं.

मेसेजच्या तळाशी एक ‘प्रो टिप’ पण आहे: करारनाम्यात किंमत वाढवून लिहा, म्हणजे कर्ज जास्त मिळतं. ही तर सरळ फसवणूक आहे आणि मूर्खपणाही. बँक आपला व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, पाठवते आणि करारातली किंमत व त्याने लावलेली किंमत यात जी कमी असेल ती धरते. वाढीव आकड्यावर मुद्रांक शुल्क मात्र तुम्ही भरलेलं असतं.

‘भाड्यातून हप्ता सुटतो’ याबद्दल वेगळं काय लिहायचं? अठरा हजारांतून एक्केचाळीस हजार कसे सुटतात? त्या अठरातूनही मेंटेनन्स मालकालाच भरावा लागतो, भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी वर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, हे राज्य सरकारने २००१ सालीच ठरवून दिलंय, तेवढं लक्षात ठेवा. मात्र पुणे महापालिकेची मिळकत करातली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यालाच असते, भाड्याने दिलं की ती गेली. लिव्ह-लायसन्सचा करार (म्हणजे भाडेकरार) नोंदवणं बंधनकारक आहे, त्याचा खर्च दर वेळी.

आता ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसलो तो मुद्दा. ‘मधली भिंत पाडा.’

रीलमध्ये म्हणे एक मुलगा हातोडा घेऊन भिंतीवर पहिला घाव घालतो आणि मागे गाणं वाजतं. भिंत कसली आहे, इमारत कधीची आहे, वर किती मजले आहेत, कशाचा पत्ता नाही. पुण्यातल्या जुन्या इमारतींत कित्येक लोड-बेअरिंग आहेत. तिथे कॉलम नसतातच, भिंतच वरच्या मजल्यांचं ओझं पेलते. आरसीसीच्या, म्हणजे कॉलम-बीमवर उभ्या, इमारतीत चार इंची आडभिंत पाडली म्हणून इमारत कोसळत नाही, हे मान्य. पण त्या भिंतीच्या पोटात कॉलम नाही, वरती बीम नाही, हे कुणी ठरवायचं? ठेकेदाराने? त्याला फुटावर पैसे मिळतात.

२५ जुलै २०१७ला घाटकोपरला सिद्धी साई नावाची चार मजली इमारत कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला, असा आरोप रहिवाशांनी केला. वरच्या मजल्यांवरच्या लोकांचा त्या कामाशी काही संबंध नव्हता. ते आपापल्या घरात होते. भिंत पाडणारा म्हणतो, ‘माझा फ्लॅट, माझी मर्जी.’ फ्लॅट तुमचा असेल हो, खांब सगळ्यांचे असतात.

म्हणून कुणी माझ्याकडे रेनोव्हेशनचा अर्ज घेऊन आलं की मी आधी नकाशा मागतो आणि भिंतीला हात लावायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सहीचं पत्र. लोक चिडतात. ‘सेक्रेटरी फार शहाणा आहे’ हे मी जिन्यात ऐकलेलं आहे. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, ते कुणासाठी? फ्लॅट घेणाऱ्यांपैकी त्याचा अहवाल मागणारा अजून मला एकही भेटलेला नाही. मॉड्युलर किचनचा रंग मात्र सगळे दाखवतात.

बरं, भिंत पाडून वनचा टू होत नाही. मंजूर नकाशात वन बीएचके आहे, करारात वन बीएचके आहे, बँकेचा व्हॅल्युअर वन बीएचके म्हणूनच किंमत लावणार. वाढतात ती फक्त तुमची दारं.

दोन लाखांत रेनोव्हेशन? रंग, दिवे आणि किचनचा ओटा यात दोन लाख संपतात. तीस वर्षांच्या घरात खर्च दिसत नाही तिथे असतो: भिंतीतल्या गंजलेल्या लोखंडी (जीआय) पाइपमध्ये, गीझर आणि एसी सोसणार नाही अशा जुन्या वायरिंगमध्ये आणि बाथरूमच्या सँकमध्ये, म्हणजे फरशीखालच्या खोलगट भागात. नवीन टाइल्स जुन्यांवरच चिकटवल्या की फोटो छान येतो. पावसाळा येतो तेव्हा खालच्याच्या छतावर डाग येतो. सँक पूर्ण खोदायचा, नव्याने वॉटरप्रूफिंग करायचं, पाणी भरून काही दिवस ठेवायचं, खालच्या घरी जाऊन बघायचं, मगच फरशी. यात वेळ जातो, आणि तेवढे दिवस भाडं शून्य, हप्ता पूर्ण. टॉयलेट-सिंकमुळे होणारी आतली गळती सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) सदस्याने स्वतःच्या खर्चाने काढायची असते. सोसायटी नाही देणार, मी आधीच सांगतो. राडारोडा उचलायचेही पैसे वेगळे पडतात, तो जिन्यात ठेवून पळायचं नाही.

टॅक्सचं तर अर्धंच सांगितलंय. रेनोव्हेशनचा खर्च ‘उत्पन्नातून वजा होतो’ म्हणे. होत नाही. भाड्यातून मिळकत कर वजा केल्यावर उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तुम्ही दुरुस्तीला दोन लाख घाला नाही तर दोन रुपये. व्याजाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी ४८ लाखांवर व्याज चार लाखांच्या आसपास. भाडं २ लाख १६ हजार, त्यातून ३० टक्के गेले की दीड लाख. त्यातून व्याज वजा केलं की घराचा तोटा अडीच लाख. जुन्या करप्रणालीत त्यातले दोन लाख पगारातून वजा करता येतात, उरलेले पुढच्या वर्षांत घरभाड्यातूनच. नव्या करप्रणालीत हा तोटा पगारातून वजा होतच नाही. आणि २०२३-२४पासून आपण काही निवडलं नाही तर नवीच लागू होते. भाच्याची नवीच आहे, विचारून घेतलं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. जुना फ्लॅट घेणं ही कल्पना वाईट नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर लागतो तसा जीएसटी इथे नाही, कार्पेट एरिया बरा मिळतो, जागा मोक्याची असते आणि भाडेकरू लगेच येतो. बाथरूम आणि वायरिंग नीट केलेलं घर रिकामं राहत नाही, हे माझ्याही अनुभवाचं आहे. पण हे त्याला परवडतं ज्याच्याकडे किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रोकड बाजूला आहे. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठीच नेमका हा मेसेज लिहिलाय.

राहिला रीडेव्हलपमेंटचा ‘फुकट’ फ्लॅट. आमच्या सोसायटीत हा विषय दर वार्षिक सभेत निघतो आणि पार्किंगवर येऊन संपतो. बिल्डर कुठला, जास्तीचे फूट किती, बांधकाम होईपर्यंत आपल्याला बाहेर राहायचं भाडं तो किती वर्षं देणार, बँक गॅरंटी आहे का, यावर सभासदांचं एकमत व्हायचंय. त्यात तुमच्या फ्लॅटवर कर्ज असेल तर तुमच्या बँकेचं ना-हरकत पत्रही लागणार. काम सुरू झालं तरी हप्ता थांबत नाही, आणि बिल्डरने मध्येच भाडं बंद केलं तरीही नाही. त्या मेसेजच्या शेवटी ‘डिटेल्ससाठी संपर्क’ म्हणून एक नंबर आहे. त्यावर फोन करून विचारा, हप्ता थकला तर तुम्ही भरणार का?