दुसऱ्या डोसची घाई नको
कुत्र्याच्या अंगावरील पिसवांच्या औषधांविषयीच्या लेखातील बहुतेक सूचना उपयुक्त आहेत. मात्र औषध लावून आठवडा झाल्यावरही पिसवा दिसल्या तर लगेच दुसरा डोस द्यावा, हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या केवळ प्रौढ पिसवा. अंडी, अळ्या आणि कोष हे अंथरुणात, गालिच्यात, फरशीच्या फटींत असतात, आणि कोषातली पिसू कित्येक आठवडे, कधी काही महिनेही, आत सुरक्षित राहून मग बाहेर पडते. त्यामुळे नव्या पिसवा दिसल्या म्हणजे औषध निकामी ठरले असे नव्हे. अशा वेळी अंथरूण गरम पाण्यात धुवावे, कानाकोपऱ्यांत व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा आणि पुढचा डोस वेष्टनावर सांगितलेले दोन डोसांमधले अंतर पूर्ण झाल्यावरच द्यावा.

थेंबांचे औषध केस बाजूला सारून, दोन खांद्यांच्या मधोमध, थेट त्वचेवर पडले पाहिजे. केसांवरच राहिलेले वाया जाते. मोठ्या कुत्र्याची मात्रा दोन लहान कुत्र्यांत अंदाजाने वाटण्याची काटकसर तर कुणीही करू नये.

घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध आणूच नये, कारण मांजराच्या शरीरात त्याचे नीट विघटन होत नाही आणि थरथर, झटके येऊन ते दगावू शकते. फ्लुरालानेर, अफोक्सोलानेर या गटातील पिसवांवरच्या औषधांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये झटक्यांच्या शक्यतेचा इशारा दिला होता. ती औषधे सर्रास वाईट नाहीत, परंतु कुत्र्याला पूर्वी फिट आली असल्यास पशुवैद्यांना ते आधीच सांगावे.