‘दोन पेग घ्या, विषाणू मरेल आणि ताणही जाईल’ : एका संदेशाचा प्रतिवाद

कोविडच्या साथीत फिरलेला एक संदेश अजूनही पिच्छा सोडत नाही. रोज दोन पेग घेतल्यास विषाणू मरतो, ताण उतरतो आणि झोप लागते. सिगारेट ओढणाऱ्यांना हा आजार होत नाही. साथ सरली की केवळ मनाच्या निग्रहाने एका दिवसात सगळे सोडता येते, असे त्यात छातीठोकपणे म्हटले आहे. माझ्या मावसभावाला साथीत जडलेली सवय सुटलेली नाही, आणि आता तो हाच संदेश पुरावा म्हणून पुढे करतो. म्हणून हे उत्तर.

विषाणूचा मुद्दा तर हास्यास्पदच आहे. हातांवरचा विषाणू मारणाऱ्या द्रावणात किमान ६० टक्के अल्कोहोल लागते, तर रक्तातले प्रमाण ०.४ टक्क्यांच्या आसपास गेले तरी माणूस दगावू शकतो. म्हणजे या उपायाने विषाणूच्या कितीतरी आधी रोगीच संपेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२० मध्येच स्पष्ट केले होते की, मद्यपानाने हा विषाणू मरत नाही, उलट प्रतिकारशक्ती खालावते आणि भीती किंवा चिंतेवर उपाय म्हणून मद्याचा आधार घेऊ नये. तरीही त्याच वर्षी इराणमध्ये या अफवेला भुलून विषारी मिथेनॉल प्यायलेली शेकडो माणसे मेली आणि कित्येकांची दृष्टी गेली.

मद्याने ताण हलका होतो हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते, पण ते तास-दोन तासांपुरतेच. मद्य मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देते. रोज असे झाले की मेंदू तोल सावरण्यासाठी उत्तेजनाची बाजू वाढवतो, आणि मद्य उतरताच ती उघडी पडते. रात्री लवकर डोळा लागलेला माणूस पहाटे तीनला धडधडत्या छातीने जागा होतो तो यामुळेच, आणि सकाळची ही बेचैनी साथीच्या काळजीची आहे असे समजून संध्याकाळी पुन्हा ग्लास भरतो. अमेरिकेत मद्याशी निगडित मृत्यू २०१९ मध्ये सुमारे ७९ हजार होते, ते २०२० मध्ये सुमारे ९९ हजारांवर गेले.

सिगारेटबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. फ्रान्समधल्या काही रुग्णालयांत सुरुवातीला धूम्रपान करणारे रुग्ण कमी दिसले, एवढ्यावरून हा तर्क निघाला. पण धूम्रपान करणाऱ्यांना आजार झाल्यावर तो अधिक गंभीर होण्याचा धोका असतो.

‘एका दिवसात सोडा’ हा सल्ला मात्र जिवावर बेतू शकतो. बरीच वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने मद्य एकाएकी बंद केले, तर हात थरथरणे आणि घाम यांवरच ते थांबेल असे नाही. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते आणि त्यानंतर भ्रमिष्टावस्था येऊ शकते. यात निग्रह कमी पडल्याचा प्रश्नच नसतो. अशा माणसाने मद्य सोडावेच, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि औषधांच्या आधाराने. घरी एकट्याने, खोलीचे दार लावून नव्हे.